तीन चुलींचा नियम

नकाशावर आमचा दहेस्तान
फाटक्या पायमोज्यासारखा दिसतो.
टाच डोंगरात, बोटं मिठाच्या वाळवंटात.
बाराशे चौरस किलोमीटर आणि वर काही.
चौदा कनात, त्यातल्या वाहत्या पाच.
एक नदीही आहे,
तिला नदी म्हणतात
ते केवळ पुलाचं मन राखायला.

गावं एकोणसत्तर, त्यातली बावीस ओसाड.
ओसाड गावालाही क्रमांक असतो
आणि शून्य भरायला जावंच लागतं.
नबी गाडी थांबवतो, मी उतरतो,
खचलेल्या मातीच्या घुमटांमधून हाक मारतो, कुणी आहे का?
असं प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
मागच्या खेपेला एका शून्यातून शेळी निघाली होती.

खाली देहनौला नऊशे बारा माणसं,
पावाची भट्टी, दवाखाना, मंगळवारी डॉक्टर.
तिथल्या आया लेकरं मोजून दाखवतात
बोटांवर, झटपट,
मशहदला विटा वाहणाऱ्यांसकट.
'घरीच असतो तो. आत्ताच बाहेर गेलाय.'
आत्ताच म्हणजे चार वर्षं.
मी विचारतो, काल रात्री इथे झोपला होता?
मग त्या बारबेरीच्या झुडपांकडे बघतात,
आणि मी लिहितो.

गझमीर सगळ्यात वर.
रस्ता संपतो, मग अर्धा तास पायी.
घरं दोन.
एकात झुल्फिकार आणि सफूरा,
केशराच्या चार वाफ्यांचे धनी.
दुसऱ्यात खावर, तिची विधवा सून गुलअंदाम
आणि सहा वर्षांचं पोरगं, ज्याने माझं पेन पळवलं.

खावरने विचारलं, छापून येतो ना आम्ही?
मी नियम सांगितला.
तीनपेक्षा कमी कुटुंबं असली
तर आकडा छापत नाहीत, नुसता तारा येतो,
घरातली गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून.
'कसली गोष्ट? माझे गुडघे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहेत.'
मग म्हणाली, कुटुंब म्हणजे काय लिहिलंय तुझ्या कागदावर?
मी वाचलं: एका छपराखाली राहणारे,
एका भांड्यातलं खाणारे, खर्च एक असणारे.

ती भिंतीला धरून उठली.
अंगणात तीन दगड मांडले,
सरपणातल्या चार काटक्या ओढल्या,
म्हणाली, आजपासून माझी चूल वेगळी.

गुलअंदामचा चेहरा उतरला.
कुठे चुकलं माझं, आई?
कुठेच नाही, म्हणून म्हातारीने फुंकर घातली,
धूर दोघींच्याही डोळ्यांत गेला.
भांडण नसताना वेगळं व्हायचं
तर हात कुठे ठेवावा तेही कळत नाही.
शेवटी सुनेनेच आणून दिली
काळी किटली, अर्धी साखर, मिठाचा खडा.
सफूरा भिंतीवरून ओरडली, आगपेटी हवी का?

मी घड्याळ बघितलं.
'पाणी उकळेपर्यंत थांब,' खावर म्हणाली,
'मग खोटं लिहिल्यासारखं व्हायचं नाही.'
थांबलो.
सून पाहुणी झाली, ओठांत साखर धरून
सासूच्या घरचा चहा प्यायली.
पोरगं कुणाच्या चुलीवर लिहू?
दोघींनी एकदमच सांगितलं:
जिथे आधी शिजेल तिथे.

कुटुंबं तीन. माणसं पाच.
खाली वळणावर नबीने मागे बघायला लावलं.
एका अंगणातून दोन धूर निघत होते
आणि थोडं वर जाऊन एकच होत होते.
काही बोलू नकोस, मी म्हटलं.

पुस्तक दोन वर्षांनी आलं, जाड, निळ्या पुठ्ठ्याचं.
आमच्या पानावर वर तारे, खाली तारे,
मध्ये गझमीर.
नबी म्हणाला, झुल्फिकार थंडीतच गेला,
सफूराला लेकीने नेलं.
मी पेन काढलं, टोपण लावून परत ठेवलं.
छापील पानावर खाडाखोड करायची
आम्हाला परवानगी नाही.